मी पाहिलेले मालवण

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील समुद्रकाठचे लहान शहर आहे. त्या तालुक्यात माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. आई, आज्जी, धाकटा भाऊ आणि मी मुखेडला राहतो. बाबांनी बदलीचा अर्ज केला आहे. यंदा बदली झाली तर बाबा इकडे येतील. नाही झाली तर जूनमध्ये आम्हीच तिकडे राहायला जाऊ, असे घरात चालले आहे. आज्जीला ते पसंत नाही. मागच्या उन्हाळी सुट्टीत आई, भाऊ व मी वीस दिवस मालवणला राहून आलो. तेव्हा जे पाहिले व विचारून घेतले, ते माझ्या वर्गमैत्रिणींसाठी, मित्रांसाठी व पालकांसाठी लिहीत आहे.

मुखेडहून लातूर, सोलापूर, कोल्हापूर असे जावे लागते. पुढे फोंडा घाट उतरला की कोकण सुरू होते. तिथली माती काळी नाही, तांबडी आहे. घरे जांभ्या दगडाची. ज्वारीचे रान कुठेच दिसत नाही. भात, नारळ, काजू आणि आंबा ही तिथली पिके. बोली मालवणी आहे. मला म्हणजे ‘माका’ आणि तुला म्हणजे ‘तुका’. भावाने हे दोन दिवसांत पाठ केले आणि मला भंडावून सोडले.

आपल्या तालुक्यातील लेंडी नदी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे आपल्या शिवारातले पाणी शेकडो कोस चालून पूर्वेच्या समुद्रात जाते. मालवणकडच्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थोड्याच अंतरावर पश्चिमेच्या अरबी समुद्राला मिळतात. मालवणच्या दक्षिणेला कर्ली नदीची खाडी आहे. तिथे देवबाग नावाचे गाव आहे. त्याच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी!

मालवणसमोर कुरटे नावाचे बेट आहे. त्यावर शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला. जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज व इंग्रज यांच्यावर वचक बसावा, हा त्यामागचा हेतू होता. किल्ला बांधायला सुमारे तीन वर्षे लागली. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते. किल्ल्यात शिवाजी महाराजांचे मंदिर आहे. त्याला शिवराजेश्वर म्हणतात. १७६५ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला, पण पुढे तो कोल्हापूरकरांना परत मिळाला. १८१२ च्या तहाने मालवण इंग्रजांकडे गेले. आपला मराठवाडा मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १ मे १९६० रोजी दोन्ही भाग एका महाराष्ट्रात आले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून नवा जिल्हा निघाला, त्याला या किल्ल्याचेच नाव दिले.

आम्ही होडीने किल्ल्यात गेलो. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून होड्या बंद असतात. किल्ल्याच्या सभोवार खारे पाणी आहे, पण आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्यांची नावे दूधबाव, दहीबाव व साखरबाव. आपल्याकडे बारव म्हणतात, तिकडे बाव. बाबा म्हणाले, “तोफा कितीही असल्या तरी पाण्यावाचून शिबंदी किती दिवस लढणार? किल्ला या विहिरींवरच उभा आहे असं समज.”

आपल्याकडे वर्षाला साधारण आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, तिकडे सुमारे तीन हजार. तरीही आम्ही राहत होतो त्या घरच्या विहिरीने मे महिन्यात तळ गाठला होता. उतार मोठा आणि जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे पावसाचे पाणी लवकर वाहून जाते. शिवाय गोडे पाणी हलके असते, ते खाऱ्या पाण्याच्या वर राहते. जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. घरमालकीण काकी रोज ठरलेल्या कळशाच काढीत आणि आम्हाला सांगत, “पाणी वायच वायच काढूक व्हया.”

मुखेडला आल्यावर मी हे सगळे आज्जीला सांगितले. आज्जी म्हणाली, “मंग तिथं जाऊन काय मिळवायचं? पाणी हितं बी मोजूनच आन् तिथं बी मोजूनच. निदान हितं आपली मानसं हायत.” आई भाकरी थापत होती. ती हळूच म्हणाली, “पोरांचा बाप तिकडं हाय, आत्या.” आज्जी काही बोलली नाही. पण रात्री तिने मला विचारले, “त्या तीन हिरीची नावं काय म्हणलीस गं?” मी नावे सांगितली. तिने ती तीनदा म्हणून घेतली.

मैत्रिणींनो, मला मुखेड सोडावेसे वाटत नाही. दशरथेश्वराचे देऊळ, आपली शाळा आणि तुम्ही सगळे इथेच आहात. पण बाबांना वर्षातून दोन सुट्ट्यांतच भेटायचे, हेही मला नको वाटते. बदल्यांची यादी अजून लागलेली नाही. ती लागली की काय झाले ते याच भिंतीवर लिहीन.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी