अबोल अवयव

आमच्या मराठी भाषेनें शरीराच्या अवयवांचा जो गौरव केला आहे तो मोठा पक्षपाती आहे. काळजाचें पाणी होतें, काळजाला घरें पडतात, आतड्याला पीळ पडतो, पित्त खवळतें, श्वासांत श्वास येतो, आणि पोटांत तर राग, लोभ, माया सारेंच मावतें. परंतु कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस दडून बसलेल्या मूत्रपिंडांच्या नांवावर एकहि वाक्प्रचार जमा असल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. वैद्यकाच्या ग्रंथांत त्यास वृक्क म्हणतात, मटणाच्या दुकानीं गुर्दा म्हणतात, आणि सुशिक्षित घरांत बोलण्याचा प्रसंग आलाच तर किडनी हा इंग्रजी शब्द पुढें करून सुटका करून घेतात. मूत्र हा शब्द उच्चारावा लागूं नये, हीच ती सोय. या संकोचाची किंमत काय पडते याचा विचार करण्याचा प्रसंग आम्हांस 2021 च्या उन्हाळ्यांत आला.

या अवयवाचें काम थोडक्यांत सांगावयाचें तर असें. प्रत्येक मूत्रपिंड मुठीएवढें, वजनानें सुमारें 150 ग्रॅम. तथापि हृदय जेवढें रक्त बाहेर लोटतें त्याचा जवळजवळ पांचवा हिस्सा या दोन लहान पिंडांच्या वांट्यास येतो. प्रत्येकांत सुमारें 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठीं सुमारें 180 लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील दीड-दोन लिटर तेवढा बाहेर टाकून बाकीचा सारा, त्यांतील क्षार व साखर यांसह, मोजून-मापून रक्तास परत केला जातो. इतका चोख जमाखर्च आमच्या गांवांतील कोणत्याहि पेढीवर होत असेल असें वाटत नाहीं. आणि इतकें करून कोठें गवगवा नाहीं. फुप्फुस थकलें तर धाप लागते, हृदय बिघडलें तर छातींत कळ येते. मूत्रपिंड मात्र बरेंचसें निकामी होईपर्यंत बहुधा दुखतहि नाहीं. रक्तांतील ज्या क्रिएटिनिनवरून त्याची परीक्षा करितात, तेंहि बरीच हानि होऊन गेल्यावर मग वाढूं लागतें.

2020 च्या एप्रिलांत कोविडनें सोलापुरांत पाऊल टाकलें, आणि त्यानंतर कित्येक महिने गांवांत एकच आंकडा घरोघर बोलला जात असे, तो ऑक्सिजनचा. बोटास चिमटा लावावा, आंकडा वाचावा आणि तो दूरध्वनीवरून आप्तांस कळवावा. पंचाण्णव म्हटलें कीं घराला हायसें वाटे. पंच्याऐंशी म्हटलें कीं चूल पेटत नसे. यांत नवल कांहींच नव्हतें. रोगच श्वासाचा होता. परंतु रुग्णालयांत दाखल झालेल्यांची गोष्ट तेवढ्यावर संपत नव्हती. न्यूयॉर्क भागांतील रुग्णालयांत 2020 च्या वसंतांत दाखल झालेल्या 5449 रुग्णांची पाहणी त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. शंभरांतील सुमारें 37 जणांच्या मूत्रपिंडांस तीव्र इजा झाल्याचें तींत आढळलें. ज्यांस व्हेंटिलेटरवर ठेवावें लागलें त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा 90 च्या घरांत होतें. इतरांत तें शेंकडा 22 होतें. परदेशचे आंकडे आमच्याकडे जसेच्या तसे लावतां येत नाहींत हें खरें. तथापि रोग किती खोल जातो हें दाखविण्यास ते पुरेसे आहेत.

श्वासाचा रोग कमरेपर्यंत पोंचतो कसा? त्याच्या वाटा अनेक आहेत. तापानें व धापेनें अंगांतील पाणी आटतें, आणि घशाखालीं घोटभरहि उतरत नाहीं. त्यांत आमच्या सोलापुरचा उन्हाळा, जेव्हां पारा चाळिशीच्या वर असतो. रोगाशीं झगडतांना शरीर जो दाह पेटवितें त्यानें रक्तदाब उतरतो. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या धरतात. प्राणवायूचा पुरवठा तुटतो. व्हेंटिलेटरच्या दाबानें छातीकडे परतणारें रक्त अडखळतें, आणि मग मूत्रपिंडांचा वांटाहि घटतो. जीव वाचविण्यासाठीं दिलेलीं कांहीं औषधेंहि त्यांच्यावर भार टाकितात. ज्यांस मधुमेह वा रक्तदाब आधींच जडलेला आहे, त्यांचीं मूत्रपिंडें हा भार सोसण्यास मुळांतच दुबळीं असतात. 1941 सालीं लंडनवर बॉम्ब पडत असतां बायवॉटर्स या डॉक्टरास असाच प्रकार दिसला होता. ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसांचे हातपाय तेवढे चिरडलेले असत, प्रथम तीं सांवरल्यासारखीं वाटत, आणि थोड्याच दिवसांत त्यांचीं मूत्रपिंडें बंद पडत. मूत्रपिंडांवर घाव पडलेला नव्हता; चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्यें रक्तावाटें तेथें येऊन पोंचलीं होतीं. दुसऱ्याच्या घरची आपत्ति या अवयवाच्या दारीं अशी येते.

आमचे एक सहकारी, गणिताचे अध्यापक, 2021 च्या एप्रिलांत गांवांतील एका रुग्णालयांत होते. मधुमेह जुना. पुण्याहून मुलगा दोन्ही वेळां विचारी, "बाबांचा ऑक्सिजन किती?" पांचव्या दिवशीं आंकडा चढूं लागला आणि आम्हां मित्रमंडळींत आनंदीआनंद झाला. त्याच दिवशीं सकाळपासून आपणांस लघवी झालेली नाहीं, हें त्यांस स्वतःस कळत होतें. परंतु परक्या स्त्री-पुरुषांच्या त्या गर्दींत असली गोष्ट परिचारिकेस कशी सांगावी, म्हणून ते गप्प राहिले. सांगितलें तें भांडीं रिकामीं करणाऱ्या मावशींनीं. "सिस्टर, बारा नंबरच्या सरांचं भांडं सकाळपासून कोरडंच हाय." रक्त तपासलें तों क्रिएटिनिन चौपट झालेलें. डॉक्टरांनीं कांहीं औषधें थांबविलीं, सलाईनचें मान बदललें, आणि पुढें चार वेळां डायालिसिस करावें लागलें. पंधराव्या दिवशीं भांडें पुन्हां भरलें, तेव्हां ती वार्ता मावशींनींच साऱ्या वॉर्डास सांगितली, असें ते पुढें आम्हांस हंसत सांगत. शेजारच्या खाटेवरील एका यंत्रमाग कामगाराविषयीं मात्र ते हंसत नसत. तो त्यांच्याहून वीस वर्षांनीं लहान, श्वास सुधारला होता, मूत्रपिंडांपायीं गेला.

ज्या यंत्रानें आमचे मित्र तरले त्याचा इतिहास फार जुना नाहीं. 1918 सालीं इन्फ्लुएंझानें एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांहून अधिक माणसें नेलीं, तेव्हां थांबलेल्या मूत्रपिंडाचें काम हातीं घेईल असें साधन कोणाहि डॉक्टरापाशीं नव्हतें. तें घडविलें विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानें, 1943 सालीं, जर्मनांनीं व्यापलेल्या हॉलंडांतील कांपेन या लहानशा गांवीं. लांकडी पट्ट्यांचें पिंप आणि त्यावर गुंडाळलेली सेलोफेनची नळी, हेंच तें यंत्र. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. 1945 सालीं 67 वर्षांची एक स्त्री शुद्धीवर आली आणि मार्ग खुला झाला. परंतु डायालिसिस म्हणजे उपचार नव्हे, उसना वेळ आहे. त्या वेळांत मूत्रपिंडें सांवरलीं तर ठीक. न सांवरलीं तर आठवड्यांतून दोन-तीन वेळां त्या यंत्रापुढें बसणें जन्माचें होतें, आणि हातावर पोट असलेल्याची मजुरी तितकेच दिवस बुडते.

म्हणून वेळेवर ओळखणें यास महत्त्व. वैद्यकाचा यासंबंधींचा हिशेब साधा आहे: वजनाच्या दर किलोस तासाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे 60 किलोच्या माणसास तासाला 30 मिलिलिटर लघवी व्हावी, सलग सहा तास त्याहून कमी झाली तर ती इजेची खूण समजावी. यासाठीं गणिताचा अध्यापक लागत नाहीं. खुणा केलेलें एक भांडें आणि एक वही पुरते. आप्त रुग्णालयांत असतां ऑक्सिजनबरोबर हा दुसरा प्रश्नहि आपण निःसंकोचपणें विचारावा. रुग्ण घरीं आल्यावर तीन महिन्यांनीं क्रिएटिनिन व लघवींतील प्रथिन तपासून घ्यावें, आणि अंग दुखतें म्हणून डॉक्टरांस न विचारतां वेदनाशामक गोळ्या घेऊं नयेत. सभ्यतेच्या नांवाखालीं आम्हां सुशिक्षितांनीं कित्येक शब्द घराबाहेर घालविले आहेत. त्यांपैकीं निदान हा एक परत घरांत घ्यावा, असें आमचें वाचकांस आग्रहाचें सांगणें आहे. आमचे गणिताचे मित्र आतां तो शब्द शिक्षकांच्या खोलींत मोठ्यानें उच्चारतात, आणि कोणी आजारी पडल्याचें कळलें कीं पहिला प्रश्न तोच विचारतात.