तक्रार एकीकडे, दुखणं दुसरीकडे

‘स्टोरेज स्लो आहे’ ही ओरड बहुधा डेटाबेसवाल्यांकडून येते. ती मनाला लावून घ्यायची नसते, काउंटर बघायचे असतात.

ऑफिसातल्या साध्या नेटवर्क स्विचवर गर्दी झाली की तो पॅकेट खुशाल टाकून देतो. पाठवणारा पुन्हा पाठवेल. सॅनमधला, म्हणजे स्टोरेजच्या नेटवर्कमधला, फायबर चॅनल स्विच टाकत नाही, थांबतो. पलीकडच्या पोर्टने दिलेली क्रेडिट संपली की पुढची फ्रेम नाही. तिकडचा बफर रिकामा झाल्याची खूण आली की मगच. त्यामुळे एखादा सर्व्हर डेटा रेंगाळत घेऊ लागला, की त्याच्या फ्रेम दोन स्विचमधल्या दुव्यावर तुंबतात आणि खंडाळ्याच्या घाटात मालट्रकमागे अडकावं तसे बाकीचे सर्व्हर अडकतात. बोंब मारतात ते हे बाकीचे.

ब्रोकेडच्या स्विचवर ‘टिम टीएक्सक्रेड झेड’ नावाचा काउंटर आहे. पाठवायला फ्रेम आहे पण क्रेडिट शून्य, अशा अवस्थेत पोर्ट थांबला की दर 2.5 मायक्रोसेकंदाला तो एकाने वाढतो. आकडा कोटींत दिसला म्हणून घाबरू नये, वर्षभराचा साठलेला असेल. काउंटर शून्यावर आणावेत, चहा घ्यावा, मग बघावं. दोन स्विचमधल्या दुव्यावर वाढत असेल तर त्या दिशेच्या पुढच्या स्विचवर जायचं, आणि असं सर्व्हरच्या पोर्टपर्यंत. कधी तिथे हा काउंटर गप्पच असतो, पोर्ट मात्र काठोकाठ भरलेला: 32 गिगच्या स्टोरेजकडून ओरपणारं 8 गिगचं जुनं कार्ड!

सीआरसी या बिघडलेल्या फ्रेम मोजणाऱ्या काउंटरचीही तीच तऱ्हा. बिघडलेली फ्रेम वाटेतल्या प्रत्येक स्विचवर सीआरसी वाढवत जाते. शेजारी ‘जी ईओएफ’चा वेगळा रकाना असतो, बिघाड पहिल्यांदा जिथे पकडला गेला, तिथेच तो वाढतो. त्या पोर्टची केबल बघायची. आधी क्लीनर पेनने टोक साफ करायचं, मग एसएफपी बदलायचा. (शर्टाला पुसणारे महाभाग मी पाहिलेत.) मल्टिमोड केबलचा गाभा जेमतेम 50 मायक्रॉनचा, धुळीचा कण पुरतो.

झोनिंगमध्ये, म्हणजे कुणी कुणाला दिसावं हे ठरवताना, मात्र मी हट्टी आहे. एका झोनमध्ये सर्व्हरचा एकच पोर्ट. पोर्टचा सोळा हेक्स अंकांचा पत्ता, डब्ल्यूडब्ल्यूएन, कधी हाताने टाइप करायचा नाही, स्विचवर लॉगिन झालेलाच कॉपी करायचा. एलियसमध्ये सर्व्हरचं नाव आणि कार्डचा क्रमांक हवाच. ‘न्यू-सर्व्हर-2’ असलं नाव देणाऱ्याला कायमचं ऑन-कॉल बसवावं.

आणि दोन समांतर फॅब्रिकपैकी ए वर बदल केला की बी वर त्याच रात्री नाही. सर्व्हरवर सगळे पाथ परत आलेले बघायचे, कामाचा एक दिवस जाऊ द्यायचा. पाच मिनिटांच्या कामाला दोन रात्री कशाला, असं मॅनेजर दरवेळी विचारतात. मी चेंज रिक्वेस्ट दोनच टाकतो.