बोटावरचा डाग

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी माझ्या तर्जनीवर आठवडाभर जांभळा डाग होता. तो सोन्याचा होता.

मी मेटलर्जीला होतो. लॅबमध्ये पीएचडी करणाऱ्या ताईचं गोल्ड क्लोराइडचं द्रावण तपकिरी बाटलीत असायचं. त्यातलं थोडं मी साध्या काचेच्या बाटलीत घेतलं, पातळ करून अल्कोहोल घातलं, आणि बाटली खिडकीत विसरून घरी गेलो. मूळ बाटलीचं झाकणही उघडंच राहिलं. सोमवारी खिडकीतलं पिवळं द्रावण जांभळट झालं होतं आणि तपकिरी बाटली आडवी, रिकामी.

त्या द्रावणात सोन्याच्या प्रत्येक अणूभोवती चार क्लोरीन असतात. अतिनील प्रकाश पडला की क्लोरीनकडचा इलेक्ट्रॉन सोन्याकडे जातो आणि क्लोरीन सुटतो. असे टप्प्याटप्प्याने तीन इलेक्ट्रॉन मिळाले की सोनं पुन्हा धातू होतं. अणू एकत्र येऊन कण बनतात. 20 नॅनोमीटरचे कण लाल दिसतात, मोठे किंवा एकमेकांना चिकटलेले जांभळे-निळे. त्वचेवरही हेच होतं. थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही, डाग नंतर उमटतो.

हे फार आधी एका बाईने पाहिलं होतं. कापडावर रासायनिक प्रक्रियेने सोनं चढवायची कल्पना एलिझाबेथ फुलहेमला 1780 मध्ये सुचली. नवऱ्याला आणि मित्रांना ते होण्यासारखं वाटलं नाही. तिने प्रयोग चालूच ठेवले आणि 1794 मध्ये पुस्तक काढलं. सोन्याच्या द्रावणात बुडवलेलं रेशीम उन्हात ठेवलं तर ओलं असेपर्यंतच त्यावर सोनं उमटतं, हे तिने त्यात नोंदवलं. फॅरडेचा सोन्याच्या लाल द्रावणावरचा प्रसिद्ध निबंध आला 1857 मध्ये.

सरांनी सगळ्यांसमोर ताईला झापलं. “इतकी महाग वस्तू अशी ठेवतात?” मी हात खिशात घातला आणि गप्प राहिलो.

दोन दिवसांनी कॅन्टीनमध्ये ताईने माझं बोट पाहिलं. “काय रे, मतदान करून आलास?” एवढंच म्हणाली आणि चहा प्यायली. मतदानाच्या शाईतही सिल्व्हर नायट्रेट असतं, तेही उजेडातच काळं पडतं. मी हसलो. तेव्हाही बोललो नाही.

2024 ला मत देऊन बाहेर आलो, बोटाचा फोटो तिला पाठवला आणि खाली लिहिलं, “ताई, ती बाटली मी सांडली होती.”

तासाभराने उत्तर आलं. “माहीत होतं. नवीन बाटली यायला दीड महिना लागला, ते तुला माहीत नव्हतं.”