पंक्तींतला पेला

मद्याविषयीं आमच्या हातून कधीं चार ओळी लिहिल्या जातील असें कोणी पूर्वीं सांगितलें असतें, तर आम्ही त्यास हंसलों असतों. आमच्या एका चुलत बंधूंनीं दारूपायीं भरला संसार धुळीस मिळविला, तो आम्हीं डोळ्यांनीं पाहिलेला. तेव्हांपासून त्या पदार्थाचें नांवसुद्धां आमच्या घरांत निघत नसे. मुलें त्याच धाकांत वाढलीं. हा धाक योग्यच होता, असें आम्ही आजही म्हणतों. परंतु धाकाच्या पोटीं आणखी काय जन्मास येतें, हें आम्हांस इटलींत जाऊन कळलें.

आमची कन्या व जावईबापू कांहीं वर्षांपासून त्या देशाच्या उत्तर भागांत, मोदेना नामक शहरीं असतात. गेल्या आश्विनांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. पो नदीच्या खोऱ्यांतील तो सपाट, सुपीक मुलूख. द्राक्षांची तोडणी नुकतीच आटोपत आलेली. चौथ्या दिवशीं सकाळीं विरजण लावलेलें भांडें उन्हाच्या उबेस ठेवावें म्हणून आम्ही मागच्या गॅलरींत गेलों, तों एका जुन्या पंचाखालीं तीन बाटल्या उभ्या! आम्हीं पंचा होता तसा टाकला व कोणाजवळ चकार शब्द काढला नाहीं. त्या रात्रीं झोंप मात्र लागली नाहीं.

पुढील रविवारीं खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे आम्हां सर्वांस भोजनाचें निमंत्रण होतें. गृहस्थ आमच्याच पेशाचे. त्यांनीं उभी हयात मुलांस लॅटिन शिकविण्यांत घालविली. मंडळी पानांवर बसतांच त्यांनीं फ्रीजमधून एक बाटली काढली. बूच निघालें, पेल्यांत गुलाबी फेस उसळला व क्षणांत विरला. खालीं राहिला तो माणकाच्या रंगाचा पातळ द्रव. या मद्याचें नांव लांब्रुस्को. तांबडें मद्य सहसा थंड करून घेत नाहींत; हें मात्र बारा-तेरा अंशांपर्यंत थंड करूनच घ्यावयाचें. बाटली जावईबापूंच्या पेल्याकडे वळली तसा त्यांनीं पेल्यावर हात ठेविला व नकारार्थी मान हलविली. वृद्ध गृहस्थ आश्चर्यानें कांहीं बोलले. दुभाषाचें काम कन्येकडे होतें, पण ती गप्प. तेव्हां आमचा सात वर्षांचा नातू मोठ्या उत्साहानें म्हणाला, "आजोबा, ते म्हणतात, बाबा तर दर रविवारीं घेतात!"

चाळिशी उलटलेला, चार लोकांत मान असलेला तो गृहस्थ आमच्यापुढें शाळेंतील पोरासारखा गोरामोरा झाला. कन्येची मान खालीं गेली. पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत खरें बोलण्यावर धडे दिले. आणि येथें आमच्याच भयानें आमचीं मुलें खोटें वागत होतीं. गॅलरींतील त्या पंचाखालीं बाटल्या त्यांनीं ठेविल्या खऱ्या, पण पंचा आमचाच होता.

आम्ही म्हणालों, "जावईबापू, हात काढा. यजमानांचा अवमान नको. आम्ही पाणी घेऊं, तुम्ही आपलें घ्या."

मग मंडळी हळूहळू खुललीं. वृद्धांनीं सांगितलें तें असें. लांब्रुस्को हें एका द्राक्षाचें नांव नसून एका कुळाचें आहे. सोर्बारा गांवचें तें फिकट व आंबटसर. कास्तेल्वेत्रोकडील ग्रास्पारोस्सा गडद व तुरट. तिसरें सालामीनो, त्याचा घोंस तिकडील मांसाच्या लहान वळकटीसारखा दिसतो म्हणून तें नांव. सोर्बाराच्या वेलीचा पराग निष्फळ असतो. तिच्या मळ्यांत सालामीनोचे वेल शेजारीं लावावे, तेव्हां तिला फळ धरतें. रस आंबतांना निघणारा वायु कोंडून ठेविला म्हणजे फेस होतो. जुन्या रीतींत तो बाटलींतच कोंडीत. १८९५ सालीं मार्तिनोत्ती नामक इटालियन गृहस्थांनीं तें काम मोठ्या बंद टाकींत करण्याची युक्ति काढली. मद्यार्क शेंकडा अकराच्या आसपास. गोड लांब्रुस्को अमेरिकेंत अतोनात खपलें व त्यामुळें नांवास हलकेपणा आला. घरच्या पंक्तीस मात्र बिनगोडाचेंच मानाचें.

आम्हीही आमचें सांगितलें. पाणिनीनें कापिशी नगरीवरून 'कापिशायन' शब्द साधून दिला आहे, आणि कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हणून त्याच्या प्रकारांत कापिशायन गणलें आहे. त्यावर वृद्ध म्हणाले, लॅटिनमध्यें रानद्राक्षास 'लाब्रुस्का' म्हणत व तो शब्द व्हर्जिलच्या काव्यांत आहे. दोघे मास्तर भेटल्यावर दुसरें काय होणार!

त्या मुलखांतील अन्न फार स्निग्ध. डुकराचें मांस, लोणी, चीज यांवर तेथील स्वयंपाक उभा. न्योक्को फ्रित्तो म्हणजे आमच्या टम्म फुगलेल्या पुऱ्याच, फक्त चौकोनी. तिकडे त्या चरबींत तळण्याची चाल. यजमानीणबाईंनीं आमच्यासाठीं निराळी कढई ठेवून तेलांत काढल्या. भोपळ्याचें सारण भरून उकडलेल्या तोर्तेल्ली कडबूंच्याच बहिणी. पार्मेज्यानो चीज करतांना दूध फाडण्यास वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात. कन्येनें आधींच कळविलें होतें, म्हणून बाईंनीं आमच्या वांट्याच्या सारणांतूनही तें वगळलें होतें. इतरांच्या पानांत चीजचे तुकडे व मांसाच्या पातळ चकत्या होत्या.

एवढ्या तुपट जेवणाबरोबर हें आंबट, फसफसणारें पेय कां, असें आम्हीं विचारलें. जावईबापू आतां मोकळेपणीं बोलले: "अण्णा, स्निग्ध पदार्थ जिभेवर थर धरतो. आंबटपणा व फेस तो धुऊन काढतात. पुढचा घांस पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मिठाईबरोबर मात्र तें जमत नाहीं, नुसतें आंबट लागतें." सौ. तत्काळ म्हणाल्या, "म्हणजे भज्यांवर ताक घेतों तसेंच कीं!" यापरतें उत्तम भाष्य आम्हांस करतां आलें नसतें.

वाचक विचारतील, आपण चाखलें कीं नाहीं? नाहीं. पेला हातीं घेऊन वास तेवढा घेतला; आंबट चेरीचा होता. आमचा नियम आमच्यापुरता आहे तसाच आहे, आणि तो सोडावा असें त्या पंक्तींत कोणींही सुचविलें नाहीं. बाटली एकच निघाली, सहा जणांत फिरली व जेवणाबरोबर संपली.

रात्रीं जावईबापू खोलींत आले. "अण्णा, चुकलों. लपवावयास नको होतें."

आम्ही म्हणालों, "अर्धी चूक आमची. आमचे बंधूही कित्येक वर्षें लपूनच पीत होते. घरीं कळलें तेव्हां हातांत कांहीं राहिलें नव्हतें. चौघांदेखत घेतलेला पेला चौघे मोजतात. लपवून घेतलेला कोण मोजणार? प्रमाण राखा, आणि आमच्यापासून चोरूं नका. एवढें वचन द्या."

त्यांनीं तें दिलें. कन्या दारांत उभी होती. तिनें पदरानें डोळे टिपले व कांहीं न बोलतां आंत गेली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहीं घेण्यास आम्हीं फ्रीज उघडला. त्या तीन बाटल्या दह्याच्या भांड्याशेजारीं ठेविलेल्या होत्या, आणि तो पंचा धुऊन गॅलरींतील दोरीवर वाळत घातला होता.