निर्दोष पत्र

व्याकरण शुद्ध असलें म्हणजे लेखन शुद्ध झालें, अशी आमची पुष्कळ दिवसांची समजूत होती. ऱ्हस्वदीर्घाच्या चुकीबद्दल गुरुजींचा प्रसाद खाल्लेल्या पिढीची ती असावी यांत नवल नाहीं. परंतु साठी उलटल्यावर एका परभाषेनें ही समजूत कशी दूर केली, तो प्रसंग वाचकांस सांगावासा वाटतो.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त दक्षिण कोरियांत सोल येथें असतात. त्यांच्याकडे सहा महिने राहण्याचा योग आला, तेव्हां शेजारच्या एका वृद्ध बाईंनीं आम्हांस कोरियन भाषेची गोडी लाविली. सेजोंग राजानें इ. स. १४४३ मध्यें सिद्ध केलेली व १४४६ मध्यें प्रजेस दिलेली तेथील लिपि थोड्याच दिवसांत हातीं बसली. क्रियापद वाक्याच्या शेवटीं यावयाचें आणि विभक्तीचे प्रत्यय नामास जोडून लिहावयाचे, हें तर थेट मराठीसारखेंच. घोडें अडलें तें शब्द कोठें तोडावा या प्रश्नापाशीं. ‘आबोजीगा बांगए’ असें लिहिलें तर वडील खोलींत जातात. त्यांतील ‘गा’ हा प्रत्यय पुढच्या शब्दास चिकटून ‘आबोजी गाबांगए’ झालें, कीं तेच वडील पिशवींत शिरतात! शब्द सोडून लिहिण्याचा नियम १९३३ च्या लेखनपद्धतींत पक्का झाला व १९८८ मध्यें नवी नियमावलीहि जाहीर झाली. तरी खुद्द कोरियन माणसेंहि येथें चुकतात.

यासाठीं तेथें संगणकावर लेखन तपासणारीं साधनें आहेत. मजकूर पुढें ठेवावा, कळ दाबावी, कीं चुकलेले शब्द रंगीत होऊन शुद्ध रूपें शेजारीं उमटतात. पुसान राष्ट्रीय विद्यापीठांत तयार झालेलें साधन तर चुकीचें कारणहि सांगतें. पुण्यास परतल्यावर बाईंस लिहावयाचें प्रत्येक पत्र आम्ही अशाच कोणत्या तरी साधनांतून गाळून घेऊं लागलों.

गेल्या वर्षीं बाईंच्या वयोवृद्ध मातोश्री निवर्तल्याचें चिरंजीवांनीं कळविलें. आम्हीं सांत्वनपत्राचा मसुदा करून तपासणीस दिला. यंत्रानें तीन ठिकाणीं जोडलेले शब्द सोडविले आणि बाकीचें शुद्ध असल्याचा निर्वाळा दिला. मोठ्या समाधानानें आम्हीं तो चिरंजीवांस फोनवर वाचून दाखविला. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “बाबा, हें पाठवूं नका. ‘तुमची आई मेली’ असें झालें आहे.”

आम्ही ओशाळलों. वाक्यांत व्याकरणाचा दोष नव्हता. परंतु आम्हीं योजलेलें ‘जुक्ता’ म्हणजे मरणें, हें क्रियापद वडीलधाऱ्यांविषयीं कोणी वापरीत नाहीं. तेथें ‘दोरागासिदा’, म्हणजे परत जाणें, असें आदरानें म्हणावयाचें. दुसऱ्याची आई ‘ओमोनी’ नव्हे, ‘ओमोनिम’. आणि तिच्यापुढें कर्त्याचा प्रत्ययहि ‘गा’ नव्हे, आदराचा ‘क्केसो’. एका वाक्यांत तीन उणिवा, आणि तिन्ही यंत्राच्या नजरेंतून सुटलेल्या! त्याचा तरी काय दोष? कोणाची आई गेली आणि कोण कोणास लिहितो आहे, हें त्यास कोणीं सांगितलें होतें?

आपल्याकडे तरी निराळें काय आहे? ‘मेली’ हें रूप शुद्धच आहे; पण घरांत आपण ‘वारल्या’, ‘देवाज्ञा झाली’ असेंच म्हणतों. तें आपणांस व्याकरणाच्या पुस्तकानें शिकविलें नाहीं. आजीच्या डोळ्यांनीं शिकविलें. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचीं नवीं साधनें निघालीं आहेत. पत्र कोणास आहे हें सांगितलें, तर तीं आदराचीं रूपेंहि सुचवितात. पण तें सांगावें लागतें, आणि सांगण्याचें सुचावयास समोरचें माणूस आधीं आपल्या मनांत उभें असावें लागतें.

आम्हीं तो मसुदा बाजूस ठेविला आणि बाईंची मूर्ति डोळ्यांपुढें आणून नवें पत्र हातानेंच लिहिलें. त्यांत शब्द तोडण्याच्या दोन चुका राहिल्याचें तें टपालांत पडल्यावर ध्यानांत आलें. बाईंचा शिरस्ता असा, कीं आमच्या चुका त्या उत्तराच्या शेवटीं क्रमवार लिहून धाडीत. या वेळच्या उत्तरांत त्या जागीं एकहि चूक दाखविलेली नव्हती. आईच्या हातच्या किमचीची एक आठवण तेवढी लिहिलेली होती.