दोन बिंदूंतून गेलेली रेघ

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्प अहवालात ठळक अक्षरांत एक आकडा छापलेला आहे: १०.४३९. गप्पी माशांसाठी तांब्याची ९६ तासांची एलसी-५०, मिलिग्रॅम प्रतिलिटर. म्हणजे पाण्यात इतकं तांबं असेल तर चार दिवसांत निम्मे मासे मरतात. दशांश चिन्हापुढचे तीन आकडे पाहून तोंडी परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक खूश झाले होते. मीही होते. दशांश चिन्हाच्या अलीकडचे दोन आकडेसुद्धा खरे नव्हते, हे कळायला मला नोकरी लागावी लागली.

विषय माझा मीच निवडला होता. आमची तासगावकडे द्राक्षबाग. खरड छाटणीनंतर पावसाळ्यात केवडा पडू नये म्हणून बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या चालायच्या. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. फवारणी उरकली की ब्लोअरची टाकी ओढ्याकाठी धुवायची आणि ते निळसर पाणी ओढ्यात जायचं. त्यानं मासे मरतात का, हा माझा प्रश्न. प्रश्न चांगला होता, आजही मी तो चांगलाच म्हणेन. माती खाल्ली ती त्याच्यापुढे.

मासे आणले ते आरोग्य केंद्राच्या गप्पी पैदास हौदातून. डासांच्या अळ्या खातात म्हणून ते मागेल त्याला देतात. जाळीत आले तेवढे घेतले: सडपातळ नर, पोट फुगलेल्या माद्या, अर्धवट वाढलेली पोरं, सगळी जत्रा. विभागात ओईसीडीच्या २०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेची झेरॉक्स होती, १९९२ सालची. तीत स्पष्ट लिहिलंय की गप्पी २ सेंटिमीटरच्या आसपासचे, एका खेपेचे घ्या, प्रयोगाआधी निदान १२ दिवस सांभाळा, त्यातले ७ दिवस प्रयोगाच्याच पाण्यात. मी शनिवारी आणले आणि सोमवारी टबात सोडले. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, हे बी.एस्सी.ला पाठ केलं होतं. तरी मंगळवारी सकाळी ४ मिलिग्रॅमच्या टबात दहाच्या जागी सतरा मासे दिसले तेव्हा मला आधी वाटलं, रात्री कोणीतरी येऊन थट्टा केली. चहाच्या गाळणीनं सापडली तेवढी पिल्लं काढली. उरलेली मोठ्यांनी संध्याकाळपर्यंत खाऊन टाकली. वहीत यातलं एक अक्षर नाही.

टब सहा. एक कंट्रोल, म्हणजे नुसतं पाणी. बाकीच्यांत लिटरला २, ४, ८, १६ आणि ३२ मिलिग्रॅम मोरचूद. मोरचूद घरच्या पोत्यातलं, पाणी कॉलेजच्या बोअरचं. ३२ च्या टबात द्रावण ओतलं तसा एक फिकट निळा ढग उठला. दुपारपर्यंत तो तळाला बसला, पिठी साखर सांडल्यासारखा पातळ थर. विरघळलं नसेल म्हणून मी काचेच्या कांडीनं ढवळलं. पुन्हा ढग, पुन्हा थर. मासे त्या थरावरून शेपट्या हलवत फिरत होते आणि मी बाजूला स्टुलावर बसून तक्त्याचे रकाने आखत होते.

लाजिरवाणी गोष्ट ही, की तो थर काय सांगत होता हे आमच्या आप्पांना ठाऊक होतं. बोर्डो मिश्रण तयार झालं की ते त्यात लोखंडी विळा बुडवून धरायचे. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील, म्हणून आणखी चुना. पातं कोरं निघालं की फवारणीला सुरुवात. चुन्यानं पाण्याचा सामू वर जातो आणि तांबं घट्ट रूपात खाली येतं. विळा ओळखतो ते पाण्यात मोकळं राहिलेलं तांबं. लहानपणापासून हे पाहत आलेली मी, बोअरच्या क्षारट पाण्यात तांबं कार्बोनेट होऊन बसतंय हे ओळखू शकले नाही. माशाच्या कल्ल्यांना इजा होते ती प्रामुख्यानं मोकळ्या तांब्यानं. ते कल्ल्यांना चिकटतं, पाण्यातून सोडियम आत घेण्याचं काम बंद पडतं, मासा अंगातले क्षार गमावत जातो. पाणी कडक असेल तर कल्ल्यांवरच्या त्याच जागांसाठी कॅल्शियमही भांडत असतं आणि तांब्याला कमी वाव मिळतो. शिवाय मासे उपाशी मरतील म्हणून मी रोज चिमूटभर खाद्य टाकत होते. प्रयोगाच्या २४ तास आधीपासून खाद्य बंद करायचं असतं, कारण उष्ट्या खाद्याला आणि विष्ठेलाही तांबं चिकटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००७ साली गोड्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा काढण्याची रीत बदलली, तेव्हा नुसता कडकपणा न धरता सामू आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बनही हिशेबात घेतला तो याचसाठी. मी यातलं काहीच मोजलं नव्हतं. पाण्यात किती तांबं उरलंय हेही नाही. जेवढं टाकलं तेवढंच आहे असं धरून चालले.

चौथ्या दिवशी हिशेब असा: २ आणि ४ मध्ये एकही मेला नाही, ८ मध्ये तीन, १६ मध्ये आठ, ३२ मध्ये दहाही. प्रॉबिट पद्धतीत टक्केवारीचा प्रॉबिट करून मात्रेच्या लॉगसमोर मांडायचा, रेघ ओढायची आणि प्रॉबिट ५ ला ती रेघ कुठे पोचते ते वाचायचं. पण शून्य टक्के आणि शंभर टक्के यांना प्रॉबिट नसतो. मग मी ते बिंदू सरळ गाळले. उरले दोन. दोन बिंदूंतून एक्सेलनं रेघ काढली आणि शेजारी छापलं, आर वर्ग बरोबर १. सर म्हणाले, ‘‘वा, फार सुंदर फिट आलाय.’’ दोन बिंदूंतून रेघ सरळ जाणार नाही तर काय करणार, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही. १०.४३९ हा आकडा त्या रेघेचा.

आता त्या दोनांतला एक बिंदू. ८ च्या टबातले तीन मेलेले मासे. बुधवारी रात्री वीज गेली, एअर पंप बंद पडला, आणि गुरुवारी सकाळी कंट्रोलच्या टबात दोन मासे तळाशी आडवे होते. नियम असा की दहा माशांच्या कंट्रोलमध्ये एकापेक्षा जास्त मेला तर सगळी चाचणी बाद. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. सादरीकरण पुढच्या आठवड्यात. मी गाळणीनं ते दोन उचलले, साठ्याच्या टबातून तेवढ्याच मापाचे दोन आणून सोडले आणि तक्त्यात लिहिलं, कंट्रोल मृत्यू: ०. हात थरथरले वगैरे काही नाही. दोन मिनिटांचं काम होतं, नंतर चहा प्यायला गेले. मोरचुदाचा कणही नसलेल्या पाण्यात दोन मेले आणि ८ मिलिग्रॅमच्या पाण्यात तीन. म्हणजे माझ्या सुंदर रेघेचं एक टोक एका माशावर उभं होतं, आणि तो मासासुद्धा विजेनं मेला की तांब्यानं, कोणी सांगावं.

पुढे एका औद्योगिक वसाहतीतल्या चाचणी प्रयोगशाळेत लागले. तिथे रोजचं काम कारखान्यांच्या सांडपाण्याचं: न पातळ केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, असा नियम आहे. वहीत खोडायचं झालं तर एक आडवी रेघ, सही, तारीख, आणि खालचं वाचता आलं पाहिजे. तांब्याच्या एका नमुन्याची झेब्रा माशांवर चाचणी करायची होती. पहिल्यांदा थोड्या माशांवर चाचपणी करून मात्रांचा अंदाज घेतात. मी पुढे होऊन म्हटलं, चाचपणीची गरज नाही, माझ्याकडे आकडा आहे. मॅडमनी विश्वास ठेवला. सर्वांत कमी मात्रा माझ्या आकड्याच्या चौथाईहून खाली ठेवली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही मात्रांतले सगळे मासे उलटे तरंगत होते. मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, ‘‘अगं, तुझ्या पाण्याचा कडकपणा किती होता?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सुट्टीत कॉलेजच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि ईडीटीए टायट्रेशन केलं: ४२० मिलिग्रॅम प्रतिलिटर. जुन्या मार्गदर्शिकेत १० ते २५० चालतं. आम्ही झेब्रा माशांसाठी वापरत होतो ते पाणी ४० च्या आसपासचं. त्याच बैठकीत दुसरंही पितळ उघडं पडलं. मी तोलले होते मोरचुदाचे खडे, आणि त्या खड्यात पाण्याचे पाच रेणू धरून तांबं असतं जेमतेम २५.५ टक्के. रकान्याच्या डोक्यावर मात्र मी ‘तांबे’ लिहिलं होतं. १०.४३९ मिलिग्रॅम मोरचूद म्हणजे साधारण २.६६ मिलिग्रॅम तांबं. आकडा चौपट फुगवलेला, तोही कडक पाण्यातला, तोही बाद झालेल्या चाचणीतला.

सगळ्यात महाग पडलेली चूक प्रयोगशाळेत झालीच नाही. अहवाल पूर्ण झाल्यावर मी घरी आप्पांना सांगितलं होतं, ओढ्यात टाकी धुतली तरी मासे मरायचं कारण नाही, एवढं तांबं पाण्यात होतच नाही. त्यांनी ते शेजारच्या बागायतदारांनाही सांगितलं, पोरगी शिकलेली. पण बोर्डो फवारतात पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ओढ्यात वाहतं ते पावसाचं मऊ पाणी. धुतलेल्या टाकीतला चुना त्या लोंढ्यात पातळ होऊन जातो. माझा आकडा ज्या पाण्याचा होता तसं पाणी त्या ओढ्यात असलंच तर उन्हाळ्यात, जेव्हा कोणी फवारत नाही. मी फोन केला तेव्हा आप्पा म्हणाले, ‘‘मग इतकी वर्षं आम्ही तुझ्याच शब्दावर धुतोय की.’’ आता ते टाकी बागेतच, बांधाच्या आत धुतात. शेजारी अजून ओढ्यावरच जातात, त्यांना माझा पहिला निकाल आवडला होता.

विभागप्रमुखांना मी पत्र लिहिलं: कंट्रोलमधले दोन मासे बदललेले, एककाची चूक, पाणी न मोजलेलं, सबब निष्कर्ष मागे घ्यावा. उत्तर आलं की जुने प्रकल्प अहवाल केव्हाच रद्दीत गेले, काळजी नसावी. खाली एक ओळ जोडली होती. माझ्यानंतरच्या एका विद्यार्थ्यानं आपल्या अहवालातल्या तुलनेच्या तक्त्यात माझा आकडा घेतला आहे आणि त्याचा स्वतःचा बराच कमी आल्यामुळे आपलंच काहीतरी चुकलं असावं असं त्यानं लिहिलंय. मी उलट टपाली त्याचा पत्ता मागवला आहे.