भाच्याचे माप

छत्रपती संभाजीनगरला (आमच्या जिभेवर अजून औरंगाबादच!) अक्काकडे उतरलो. भाचा मोबाइलवर बारटेंडरचे धडे गिरवीत, लिंबाच्या सरबताने 30 आणि 60 मिलीची मापे भरीत होता.

"सरबत का रे?"

"मामा, आपल्या राज्यात सौम्य बिअरला वय 21 लागतं, व्हिस्कीला 25. मी 23 चा. शिवाय पिणाऱ्यापाशी परवाना हवा."

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात छतावर परदेशी मंडळी खुशाल प्याला घेऊन बसली आहेत; त्यांना वय कोणी पुसले असेल?

भाच्याने मात्र पुसले. हॉटेलात उमेदवारी करताना मालकाच्याच 22 वर्षांच्या पाहुण्याला त्याने व्हिस्की नाकारली. तेव्हापासून पगार अडला आहे. अक्का गप्प.

त्याने मला पेला दिला. बरोबर 30 मिली सरबत.